बरणीच्या तोंडाएवढा दगड

फेरीबोटीच्या रांगेत आमची गाडी सातवी की आठवी होती. इंजिन बंद करून खिडक्या खाली केलेल्या, धक्क्यावर ऊन पडलेलं, आणि मागच्या सीटवरून आमचा धाकटा अचानक म्हणाला, "आई, आजीच्या पिशवीत दगड आहे." सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, कारण त्याने तासाभरापूर्वीच बीचवरचा बोर्ड मोठ्याने वाचून दाखवला होता, की इथला एकही दगड नेऊ नका, नेलात तर 250 डॉलरपर्यंत दंड. मी मागे वळून बघितलं तर आई शांत बसलेली, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी म्हणलं, "आई, काढ बघू." तिने रुमालात गुंडाळलेला तो दगड काढला. पांढुरका, बशीएवढा रुंद, खालून सपाट आणि वरून किंचित फुगीर. आणि मग मी जे बोलले ते आठवलं की अजून अंग आकसतं. आवाज चढवला, "इथे असं चालत नाही, तुला कितीदा सांगायचं," हे मुलासमोर, नवऱ्यासमोर, शेजारच्या गाडीतल्या दोन बायका बघत असताना. आई एवढंच म्हणाली, "बरा, ठेवन येतंय," जसं काही दगडाची जागा हाकेच्या अंतरावर होती.

आम्ही रांगेतून गाडी काढली, बेटाच्या दुसऱ्या टोकाला परत गेलो, तिने दगड ठेवला, आणि पुढच्या फेरीने आलो. जुलै महिना, फेऱ्या भरपूर होत्या, नुकसान काहीच झालं नाही. तरी हा अर्धा तास तेव्हापासून माझ्या मागे लागलाय.

डोअर काउंटीला जायचं हे आम्ही शिकागोवाले लोक दर उन्हाळ्यात ठरवतो आणि निम्म्या वेळा जातो. विस्कॉन्सिनच्या नकाशात उजवीकडे जो अंगठा बाहेर आलेला दिसतो ना, तो. एका बाजूला ग्रीन बे नावाची खाडी, दुसऱ्या बाजूला लेक मिशिगन, मधे चेरीच्या बागा, दीपगृहं आणि छोटी छोटी गावं. आई सहा महिन्यांसाठी वेंगुर्ल्याहून आलेली. तिचे गुडघे दुखतात, मॉल तिला आवडत नाहीत, डाउनटाउनच्या उंच बिल्डिंगांकडे तिने पाच मिनिटं मान वर करून बघितलं आणि मग मान दुखते म्हणून बेंच शोधलं. मला वाटलं समुद्राकाठची बाई आहे, तिला पाण्याकाठी न्यावं. लेक मिशिगन समुद्रापेक्षा काही कमी नाही असं मी तिला आठवडाभर आधीपासून सांगत होते. लांबी जवळजवळ 500 किलोमीटर, पलीकडचा काठ दिसतच नाही, सगळ्यात खोल जागी 281 मीटर. ती मान डोलवत होती आणि पोळ्या लाटत होती.

पहिल्याच संध्याकाळी मी तिला केव्ह पॉइंटला नेलं. तिथे वाळू नाही, सरळ कडे आहेत, डोलोमाइटचे, थरावर थर रचल्यासारखे, आणि लाटांनी खालून खाऊन खाऊन त्यात गुहा केल्यात. लाट आत शिरली की पोटात गुडगुडल्यासारखा आवाज येतो आणि मग पांढरा फवारा वर. नायगाराचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो, तोच खडकाचा पट्टा वळसा घालून इथपर्यंत आलाय, चाळीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाचा. हे सगळं मी तिला उत्साहाने सांगत होते. आई कड्यापासून दोन हात मागे, सीडरच्या झाडाला धरून उभी, वारा तिच्या पदरात शिरलेला. तिने डोळे मिटून दोन-तीनदा मोठा श्वास घेतला. मग म्हणाली, "ह्येका वास नाय गो."

मी पण श्वास घेतला. खरंच नव्हता. ओल्या झाडांचा होता, दगडाचा होता, कुणाच्या तरी सनस्क्रीनचा होता. खारा वास, सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास, कुजक्या शेवाळाचा वास, ज्याला आम्ही लहानपणी नाकं मुरडायचो आणि जो एसटीतून उतरल्या उतरल्या घर आलं म्हणून सांगायचा, त्यातलं काहीच नव्हतं. दहा वर्षं मी या पाण्याकाठी राहते, दर रविवारी लेकफ्रंटवर चालायला जाते, आणि हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "भरती कधी आसा?" मी सांगितलं की इथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, चंद्राने ओढलं तरी दोन बोटंसुद्धा पाणी हलत नाही, जे काय वर-खाली होतं ते वाऱ्याने. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. आमच्याकडे भरतीची वेळ म्हणजे घड्याळ आहे. होडी कधी निघणार, मासळी बाजारात कधी येणार, खडपातली कालवं कधी काढायला जायची, सगळं त्यावर. "भरती नाय, मीठ नाय, मगे ह्यो समुद्र कसलो?" असं ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, खरंच विचारत होती ती.

दुसऱ्या दिवशी पेनिन्सुला स्टेट पार्कमधला ईगल टॉवर. तिथला जुना लाकडी मनोरा 1932 चा होता, तो खचायला लागला म्हणून 2015 मध्ये बंद केला आणि पुढच्या वर्षी पाडला. नवा 2021 मध्ये उघडला आणि त्यात त्यांनी एक फार चांगली गोष्ट केली, पायऱ्यांच्या जोडीने झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा लांबलचक उतरता लाकडी रॅम्प बांधला, जवळजवळ 260 मीटरचा, व्हीलचेअर जाईल असा. गुडघेदुखीवाल्या माणसाला साठ फूट उंचीवर जाता येतं हे किती मोठं आहे ते आईबरोबर चालल्याशिवाय मला कळलं नसतं. ती दर वळणावर थांबत होती, कठड्यावर हात ठेवत होती, मेपलचं पान हाताच्या अंतरावर आलं की त्याला स्पर्श करत होती. शेजारून मुलं पळत वर जात होती, एक म्हातारे आजोबा वॉकर घेऊन चाललेले, ते आणि आई एकमेकांना ओलांडत ओलांडत वर गेले, प्रत्येक वेळी हसून. वर पोचल्यावर खाली हिरवं पाणी, त्यात घोड्याच्या नालेसारखं हॉर्सशू आयलंड, पांढरी शिडं, आणि क्षितिजावर मिशिगन राज्याची पुसट रेघ. आई म्हणाली, आमच्या दीपगृहावर लग्न झालं त्या वर्षी तुझे बाबा मला घेऊन गेले होते, नंतर कधी जमलं नाही. हे मला माहीतच नव्हतं. माणूस उंचावर गेला की काहीतरी जुनं बोलतो की काय कोण जाणे.

खाण्याचं सांगायलाच हवं. डोअर काउंटीला गेलात तर फिश बॉइल बघतातच लोक. उघड्यावर लाकडं पेटवायची, वर मोठं हंड्यासारखं भांडं, त्यात पाणी, भरपूर मीठ, बटाटे, कांदे, आणि शेवटी व्हाइटफिशचे जाड तुकडे. आई पुढच्या बाकावर बसली होती आणि त्या माणसाच्या हातांकडे तिचं पूर्ण लक्ष. मीठ ओतताना तिने हळूच माझा हात दाबला, केवढं ते मीठ. मासे शिजत आले की वर तेलकट फेस जमतो, तेव्हा तो माणूस सगळ्यांना मागे सरकायला सांगतो आणि आगीत रॉकेल टाकतो. भडका उडतो, माणसापेक्षा उंच, भांडं उतू जातं आणि तो सगळा फेस बाहेर. मुलं किंचाळली. आई म्हणाली, "आणि मसालो?" मी म्हणलं, नाही, एवढंच, वर वितळलेलं लोणी. तिने काटे बाजूला करून एक घास खाल्ला, थांबली, मग पूर्ण ताट संपवलं. मासो ताजो आसा म्हणाली. तिच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक होत नाही.

पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची बाजू मांडलीच. सकाळी आम्ही चेरी तोडायला गेलो होतो, मॉन्टमोरेन्सी जातीच्या, लालभडक आणि चांगल्या आंबट. बादली गळ्यात अडकवून आईने इतक्या भराभर तोडल्या, करवंदं काढणारा हात तो, देठ झाडावर राहील असा अलगद पिळा देऊन. एक चेरी तिने तोंडात टाकली, डोळे बारीक केले आणि तिथेच ठरवलं. कोळ्याच्या दुकानातून व्हाइटफिश आणला, नारळाच्या दुधाचा टिन आमच्याकडे होता, मिरची पावडर आणि धणे घरून आणलेले, आणि आमसुलाच्या जागी बिया काढून ठेचलेल्या चेरी. भाड्याच्या कॉटेजच्या चार बर्नरच्या शेगडीवर, खिडकीतून खाडीचं पाणी दिसतंय आणि आत मच्छीचं तिखलं उकळतंय. रंग जरा जास्तच गुलाबी आला. तिरफळं नव्हती म्हणून तिला चुकचुकत होतं. आम्ही भात संपेपर्यंत कुणी काही बोललो नाही.

जेवताना ती म्हणाली, त्या बाजूचं पाणी एवढं नितळ आहे, तळाचा दगड न दगड दिसतो, मग मासे खातात काय? माझ्या नवऱ्याने घास हातात धरून तिच्याकडे बघितलं. हाच इथला मोठा प्रश्न आहे. क्वागा नावाचे बारके शिंपले जहाजांच्या टाक्यांमधल्या पाण्यातून परदेशातून आले आणि या तळ्याच्या तळावर पसरले, ते दिवसरात्र पाणी गाळतात, त्यातलं सूक्ष्म खाणं खाऊन टाकतात, त्यामुळे पाणी काचेसारखं झालं आणि माशांची अन्नसाखळी खालूनच तुटली. बाहेरच्या बाजूला व्हाइटफिश खूप कमी झालाय, खाडीकडच्या हिरवट पाण्यात त्यामानाने बरा मिळतो. पर्यटक नितळ पाण्याचे फोटो काढतात, मी पण काढलेत, शेकड्यांनी. गढूळ पाण्यात पोट भरतं हे समुद्राकाठच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टन आयलंड. अंगठ्याच्या टोकाला रस्ता शेवटी शेवटी उगीचच नागमोडी होतो, सपाट जमीन, ना डोंगर ना दरी, तरी डावी-उजवी डावी-उजवी, दोन्ही बाजूंनी झाडं आणि त्यांच्या सावल्या गाडीवरून पळतायत. तिथून अर्ध्या तासाची फेरी. मधल्या सामुद्रधुनीला डेथ्स डोअर म्हणतात, मृत्यूचं दार, फ्रेंचांनी पोर्ट दे मोर असं नाव नोंदवलं आणि त्याच्याही आधी इथल्या मूळ लोकांच्या कथा होत्या, वादळात बुडालेल्या होड्यांच्या. आख्ख्या काउंटीचं नाव त्या दारावरून पडलंय. खाली शिडाच्या जहाजांचे कितीतरी सांगाडे आहेत. त्या दिवशी मात्र पाणी तव्यासारखं सपाट. आईला नावाचा अर्थ सांगितल्यावर तिने नमस्कार केला आणि विचारलं, हे लोक नारळ सोडतात का? मी नाही म्हणलं. तिने पिशवीतून चार चेरी काढल्या, आदल्या दिवशीच्या, आणि कठड्यावरून पाण्यात टाकल्या. डेकवरच्या वाऱ्यात तिचे पांढरे केस सुटलेले. मी तेव्हा फोटो काढला नाही याचं मला बरं वाटतं.

आणि मग तो बीच. स्कूलहाउस बीच म्हणतात त्याला. वाळूचा कणसुद्धा नाही, नुसते गोटे, पांढरे, राखाडी, हस्तिदंती, लिंबाएवढ्यापासून ते नारळाएवढ्यापर्यंत, चुनखडीचे, हिमनद्यांनी फोडलेले आणि मग लाटांनी हजारो वर्षं एकमेकांवर घासून गुळगुळीत केलेले. पाय ठेवला की घसरतो. आई माझा दंड धरून चार पावलं चालली आणि मग बसलीच, चपला काढून, उन्हाने तापलेल्या दगडांवर तळवे टेकून. गुडघ्यांना शेक बसतो म्हणाली. लाट आली की पाणी दगडांमधून परत जाताना किणकिण असा आवाज येतो, काचेच्या बांगड्या हलल्यासारखा. आम्ही पाण्यात उतरलो, बर्फासारखं गार, मुलगा ओरडत होता, आणि मी मधून मधून मागे बघितलं तर आई दगड निवडत होती. एक उचलायची, तळहातावर तोलायची, उलटा करायची, हाताचा पंजा त्यावर ठेवून बघायची, बाजूला ठेवायची. मला वाटलं खेळतेय. मला गोडच वाटलं ते, लहान मुलासारखी आजी, असं काहीतरी मनात आलं. आता वाटतं, ती काय करत होती ते मी एकदाही विचारलं नाही.

फेरीचं सांगितलंच. परत गेलो तेव्हा मी तिच्याबरोबर उतरले नाही, नवरा उतरला. गाडीतून मी बघत होते. ती दगडांवरून तोल सांभाळत तिच्या त्याच जागेपर्यंत गेली, जवळच ठेवता आला असता पण नाही, जिथे बसली होती तिथेच गेली, वाकली, आणि दगड ठेवून त्याच्यावरून एकदा हात फिरवला. परतीच्या फेरीत ती मुलाला पुढे बसवून त्याला होडीची गाणी म्हणून दाखवत होती. त्याच्यावर रागावली नाही, माझ्यावरही नाही. उलट रात्री म्हणाली, बरं झालं बोललीस, नियम तो नियम, प्रत्येकाने एकेक नेला तर त्या बीचवर राहील काय. हे तिचं म्हणणं मला पटतं, आजही पटतं. दगड परत करायलाच हवा होता. फक्त तो आवाज. तो आवाज मी कुठून आणला, आणि माझ्या आईवर का वापरला, एखाद्या चेकपोस्टवरच्या माणसासारखा.

सिस्टर बे मधल्या स्वीडिश रेस्टॉरंटच्या गवताळ छपरावर बकऱ्या चरतात, ते बघून ती खूप हसली होती, ते पण त्याच रात्रीचं. त्यामुळे मला वाटलं विषय संपला.

ती सप्टेंबरात परत गेली. मग पुढच्या एप्रिलात व्हिडिओ कॉलवर ती स्वयंपाकघरात कैऱ्या पुसत होती. आमच्याकडे अख्ख्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात मुरवतात, चिनी मातीच्या मोठ्या बरणीत, त्या वर तरंगू नयेत म्हणून वर बशी आणि बशीवर दगड. पावसाळाभर पुरतात, पेजेबरोबर एक फोड असली की झालं. बरणीवर या वेळी मला पाण्याने भरलेली काचेची बाटली दिसली, वाकडी, बरणीच्या काठाला टेकलेली. मी विचारलं, दगड कुठे गेला? तो काळा गोटा माझ्या आजीच्या वेळेपासूनचा होता, सागरेश्वरच्या किनाऱ्यावरून आणलेला, त्याच्या एका बाजूला पांढरी शीर. आई म्हणाली, दोन वर्षांपूर्वी ओटा नवीन केला ना, गवंड्यांनी राडारोड्याबरोबर टाकून दिला. आणि मग कैरी पुसता पुसता, वर न बघता, "थंयचो तो दगड बरणीर ठेवूक बरो होतो."

मी काही बोलूच शकले नाही.

म्हणजे आठवण म्हणून नव्हता तो. देव्हाऱ्यात ठेवायला नव्हता. त्या वासाच्या, भरतीच्या, मिठाच्या गोष्टींमधून मी तिच्याविषयी एक हळवी कहाणी मनात रचली होती, दूरदेशी समुद्र शोधणारी आई वगैरे, आणि ती आपली साधं माप घेऊन बसली होती. बरणीचं तोंड तिच्या पंजाएवढं आहे. मी आमच्या धाकट्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, पण तो चुनखडीचा होता, आंबट पाण्यात हळूहळू विरघळला असता, आणि मला मागच्या अंगणात नेऊन त्याने ड्राइव्हवेच्या पांढऱ्या खडीवर व्हिनेगर टाकून दाखवलं. खरंच बारीक बुडबुडे आले. मी ते आईला सांगितलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, विरघळला असता तर विरघळला असता, दोन मोसम तरी गेले असते. मग म्हणाली, आणि आमच्या खाऱ्या पाण्यात त्याला बरं वाटलं असतं, गोड्या पाण्यात राहून राहून कंटाळला असेल.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही परत गेलो. मेपल लाल झालेले, चेरीच्या बागा रिकाम्या, फेऱ्या कमी झालेल्या. बीचवर आमच्याशिवाय एकच जोडपं होतं, जाकिटं घालून कॉफी पीत बसलेलं. आई बसली होती ती जागा मला साधारण माहीत होती, वाकलेल्या सीडरपासून आठ-दहा पावलं. तो दगड सापडणार नाही हे मला माहीत होतं, लाखो दगड, मधे आख्खा हिवाळा गेलेला, बर्फाने काठ उपसून परत लावलेला. मी गुडघ्यावर बसले. दगड गार होते, ओले. एक उचलला, पंजा त्याच्यावर ठेवला, लहान निघाला. दुसरा मोठा पण खालून गोल, बशीवर डुगडुगला असता. तिसरा सपाट होता, हलका होता. चौथ्याला एक धारदार कड, बरणीला ओरखडा गेला असता. वजन पाहिजे पण तोंडातून आत जायला पाहिजे, सपाट पाहिजे पण पकडायला वर फुगवटा पाहिजे, नाहीतर खारट पाण्यात बोटं घालून काढणार कसा. हात गारठले. नवऱ्याने गाडीतून हॉर्न दिला, शेवटची फेरी. अर्धा तास झाला होता आणि मला तसा एक पण मिळाला नव्हता.

मी उचललेले सगळे जिथल्या तिथे ठेवले, आणि हातमोजे घालता घालता वेंगुर्ल्यात किती वाजले असतील ते मोजलं.